पोथी सोडण्याआधी

वाचकांचे प्रश्न : जैन आगम आणि जुनं साहित्य

ज्येष्ठ शुद्ध पंचमी म्हणजे श्रुतपंचमी. दिगंबर मंदिरांत या दिवशी शास्त्रांची पूजा होते, पोथ्यांची जुनी वेष्टनं काढून नवी घातली जातात. श्वेतांबरांची ज्ञानपंचमी दिवाळीनंतर, कार्तिक शुद्ध पंचमीला. श्रुतपंचमीच्या आगेमागे आगमांवरची, म्हणजे जैनांच्या मूळ धर्मग्रंथांवरची, पत्रं येतातच, म्हणून हे सदर या वेळी त्यांनाच दिलं आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

आमच्या घरी आगम ४५ असं लहानपणापासून पाठ आहे. सुनेचं माहेर स्थानकवासी, ती ३२ म्हणते. ऑफिसातले दिगंबर स्नेही सांगतात की मूळ आगम उरलेच नाहीत. तिघांत चुकतंय कोण? (धरमपेठ)

कोणीच नाही. तिघं तीन वेगळ्या याद्या वाचताहेत.

श्वेतांबर मूर्तिपूजकांची बेरीज अशी : अंगं ११, उपांगं १२, छेदसूत्रं ६, मूलसूत्रं ४, प्रकीर्णकं १० आणि चूलिकासूत्रं २. झाले ४५. स्थानकवासी आणि तेरापंथी हे मूर्तिपूजा न मानणारे श्वेतांबर पंथ यांतली तेरा बाजूला ठेवतात : दहाही प्रकीर्णकं, छेदसूत्रांतली महानिशीथ आणि जीतकल्प, शिवाय मूलसूत्रांतली पिंडनिर्युक्ती. उरतात ३२. मात्र सूनबाईंच्या यादीत मांडणीही थोडी बदललेली दिसेल. तुमच्याकडची दोन चूलिकासूत्रं, म्हणजे नंदी आणि अनुयोगद्वार, त्यांच्याकडे मूलसूत्रांत बसतात आणि आवश्यकसूत्र वेगळं मोजतात. म्हणजे ११, १२, ४, ४ आणि १. दोन्ही याद्या शेजारी ठेवून पाहिल्या तर वाद मिटतो. काही याद्यांत पिंडनिर्युक्तीच्या जागी ओघनिर्युक्ती दिसेल. तो छापखान्याचा घोळ नव्हे, जुना पाठभेद आहे.

आता ऑफिसातल्या स्नेह्यांचं म्हणणं. दिगंबर परंपरेनुसार अंगांचं ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या विरळ होत गेलं आणि महावीरनिर्वाणानंतर ६८३ वर्षांनी एखादं अंग पूर्ण पाठ असलेलाही कोणी उरला नाही. आज अर्धमागधी प्राकृतात मिळणारे ग्रंथ त्यांना मूळ गणधरवाणी, म्हणजे महावीरांच्या थेट शिष्यांनी गुंफलेली वाणी, म्हणून मान्य नाहीत. पण म्हणून त्यांच्याकडे काहीच नाही असं समजू नका. षट्खंडागम, कसायपाहुड, कुंदकुंदाचार्यांचे समयसार आणि प्रवचनसार, शिवार्यांची भगवती आराधना, वट्टकेरांचं मूलाचार हा त्यांचा आधार. हे सगळं ते प्रथमानुयोग (चरित्रं), करणानुयोग (विश्वरचना), चरणानुयोग (आचार), द्रव्यानुयोग (तत्त्वं) अशा चार खणांत लावतात.

यातली खरी गंमत दोन्हीकडचे लोक क्वचितच बोलून दाखवतात. बारा अंगांची नावं दोघांनाही मान्य. श्वेतांबर म्हणतात, अकरा टिकली आणि बारावं, दृष्टिवाद, गेलं. दिगंबर म्हणतात, अकरा गेली आणि बाराव्याचाच एक तुकडा षट्खंडागम आणि कसायपाहुड यांत उरला. एकाचं जे हरवलं, त्यातलंच थोडं दुसऱ्याने जपलं.

स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. ‘बारा अंगं’ आणि ‘चौदा पूर्वं’ यांत दर वेळी गोंधळ होतो. वलभीच्या वाचनेचं सालही एका पुस्तकात ४५३ आणि दुसऱ्यात ५१२. आणि एवढं मोलाचं होतं तर लिहून का नाही ठेवलं? (महाल)

पूर्वं ही अंगांना समांतर अशी दुसरी यादी नाही. बारावं अंग दृष्टिवाद. त्याचे पाच भाग, आणि त्यांतल्या ‘पूर्वगत’ या भागात चौदा पूर्वं. म्हणून दृष्टिवाद गेला तेव्हा पूर्वंही गेली. हा धागा धरला की पाठांतर सोपं होतं.

वाचना म्हणजे साधूंनी एकत्र जमून ज्याला जे आठवतं ते म्हणून, ताडून पाठ नक्की करणं. पहिली पाटलिपुत्रला, मोठ्या दुष्काळानंतर. तिथे अकरा अंगं जुळली, पण दृष्टिवाद फक्त भद्रबाहूंना येत होता आणि परंपरेप्रमाणे ते नेपाळात साधनेत होते. संघाने शिकायला साधू पाठवले, त्यांतले स्थूलभद्र एकटे टिकले. त्यांनी विद्येच्या बळावर बहिणींना सिंहाचं रूप दाखवलं, तेव्हा विद्येच्या या प्रदर्शनामुळे भद्रबाहूंनी पुढचं शिकवणं थांबवलं. शेवटची चार पूर्वं दिली ती पुढे कुणाला शिकवायची नाहीत या अटीवर. त्यानंतर आर्य स्कंदिलांची मथुरेची वाचना आणि साधारण त्याच काळात नागार्जुनांची वलभीची. शेवटची पुन्हा वलभीलाच, देवर्धिगणी क्षमाश्रमणांची. तिथे पाठ पुस्तकांत उतरले. वलभी म्हणजे सौराष्ट्रातलं, भावनगरजवळचं आजचं वल्लभीपूर.

सालांचा घोळ खुद्द ग्रंथातच आहे. कल्पसूत्रात महावीरचरित्राच्या शेवटी म्हटलंय की निर्वाणाला नऊ शतकं उलटून दहाव्या शतकाचं ऐंशीवं वर्ष चालू आहे. लगेच पुढे : ‘वायणंतरे पुण’, म्हणजे दुसऱ्या वाचनेप्रमाणे, त्र्याण्णवावं. लिहिणाऱ्यांनी एक आकडा खोडून दुसरा ठेवला नाही, दोन्ही ठेवले. निर्वाण इ.स.पू. ५२७ धरलं तर ९८० म्हणजे इ.स. ४५३–५४ आणि ९९३ म्हणजे ४६६–६७. काही अभ्यासक निर्वाणाचं साल साठेक वर्षं अलीकडे आणतात, मग त्याच ९८० चं उत्तर ५१२–१३ येतं. उत्तरपत्रिकेत साल लिहिताना शेजारी ‘वीरनिर्वाण ९८०/९९३’ लिहा.

लिहून का ठेवलं नाही, याचं उत्तर छेदसूत्रांच्या, म्हणजे साधूंच्या आचारनियमांच्या ग्रंथांच्या, भाष्यांत स्पष्ट दिलेलं आहे. पुस्तक म्हणजे परिग्रह. ते उचलून विहार करायचा, पानांच्या फटीत बारीक जीव चिरडायचे, आणि लिहिलेलं आहे म्हणून पाठांतर सुटायचं. साधू जितक्या वेळा पोथी सोडील आणि बांधील, जितकी अक्षरं लिहील, तितकी प्रायश्चित्तं, असा नियमच होता. पुढे दुष्काळांत पाठ असलेले साधू गेले आणि त्याच परंपरेला पोथी हातात घ्यावी लागली. आज याच समाजाचे जैसलमेर आणि पाटणचे ग्रंथभांडार देशातल्या सर्वांत जुन्या पोथीसंग्रहांत मोडतात.

पर्युषणात वाचतात ते कल्पसूत्र ४५ च्या यादीत सापडत नाही. ते आगम नाही का? (वर्धमाननगर)

आहे, पण दुसऱ्या नावाखाली. दशाश्रुतस्कंध या छेदसूत्राचा तो आठवा अध्याय. त्यात तीन भाग : जिनचरित्र, स्थविरावली (आचार्यांची परंपरा) आणि साधूंची चातुर्मासातली सामाचारी (आचारनियम). बाराशेच्या आसपास श्लोकांइतकी लांबी, म्हणून ‘बारसासूत्र’. छेदसूत्रांतलं बृहत्कल्प हा वेगळा ग्रंथ. नावातल्या ‘कल्प’मुळे दोन्हींची गल्लत होते.

धवल, जयधवल, महाधवल ही तीन पुस्तकं आहेत की एकाच पुस्तकाचे तीन भाग? लेखक पुष्पदंत असं वाचलं, पण पुष्पदंत तर महापुराण लिहिणारे कवी ना? आणि अमरावतीचा याच्याशी काय संबंध? (इतवारी)

गल्लती दोन आहेत, तिसरा प्रश्न अमरावतीचा. एकेक सोडवू.

पहिली नावांची. मूळ ग्रंथ दोन : षट्खंडागम आणि कसायपाहुड. षट्खंडागमाचे सहा खंड म्हणजे जीवस्थान, क्षुद्रकबंध, बंधस्वामित्वविचय, वेदना, वर्गणा आणि महाबंध. पहिल्या पाच खंडांवरची वीरसेनाचार्यांची टीका ती धवला, शके ७३८ म्हणजे इ.स. ८१६ मध्ये पुरी झालेली. सहाव्या महाबंधालाच लोक ‘महाधवल’ म्हणतात. तो खंड मुळातच विस्ताराने लिहिलेला, म्हणून वीरसेनांनी त्यावर टीका केली नाही. कसायपाहुड गुणधराचार्यांचं, त्यावर यतिवृषभांची चूर्णिसूत्रं, म्हणजे थोडक्यातलं स्पष्टीकरण, आणि त्या सगळ्यावर जयधवला. वीरसेनांनी तिचे २०,००० श्लोक लिहिले, पुढचे ४०,००० शिष्य जिनसेनांनी. शके ७५९ मध्ये ती संपली.

इथे ‘श्लोक’ म्हणजे पद्य नव्हे. धवला गद्यात आहे, प्राकृत आणि संस्कृत मिसळून. ३२ अक्षरांचा एक श्लोक हे लांबी मोजायचं माप, त्यालाच ग्रंथाग्र म्हणतात. लेखनिकाची मजुरीही या मापाने ठरायची. धवला ७२,००० श्लोकांची, म्हणजे २३,०४,००० अक्षरं. हा हिशेब मनात ठेवला की हाताने एक प्रत उतरवायची म्हणजे काय, याचा अंदाज येतो.

दुसरी गल्लत माणसांची. षट्खंडागमाचे पुष्पदंत हे आचार्य, भूतबलींचे सहाध्यायी. महापुराण लिहिणारे पुष्पदंत हे दहाव्या शतकातले अपभ्रंश कवी, राष्ट्रकूटांच्या मान्यखेटचे. मध्ये कित्येक शतकांचं अंतर आहे. आचार्य पुष्पदंतांनी सुरुवातीची १७७ सूत्रं रचली, बाकीचा डोंगर भूतबलींचा. ग्रंथ पुरा होऊन त्याची पूजा झाली तो दिवस श्रुतपंचमी.

या दोघांची निवड कशी झाली ती कथा धवलेतच आहे. गिरनारच्या चंद्रगुफेत राहणाऱ्या वृद्ध धरसेनाचार्यांनी दोघांना एकेक मंत्र दिला. एकात एक अक्षर जास्त, दुसऱ्यात एक कमी. साधना केल्यावर एकाला दात पुढे आलेली देवी दिसली, दुसऱ्याला एकाक्ष. देवता विद्रूप नसतात, म्हणजे मंत्रातच चूक आहे, हे दोघांनी ओळखलं, अक्षर दुरुस्त केलं, पुन्हा साधना केली. मग गुरूंनी शिकवायला घेतलं. पाठ संपादन करणाऱ्याची परीक्षा याहून नेमकी घेता येणार नाही.

आता अमरावती. धवलेच्या ताडपत्रावरच्या जुन्या प्रती कर्नाटकात मूडबिद्रीला, जुन्या कन्नड लिपीत, आणि शतकानुशतकं दर्शनापुरत्या. त्यांवरून उतरवलेल्या नकला विसाव्या शतकात बाहेर आल्या. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृत शिकवणारे प्रा. हीरालाल जैन यांनी अमरावती, आरा आणि कारंजा इथल्या नकला ताडून १९३९ मध्ये पहिला छापील भाग अमरावतीहून प्रसिद्ध केला. हिंदी अनुवादासह असे १६ भाग व्हायला जवळपास वीस वर्षं लागली. नागपूरकर इथे हमखास आणखी एक गल्लत करतात. १९२६ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडातल्या संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची नागपुरात छापली ती रायबहादुर हीरालाल यांची. ते वेगळे. आणि धवलेच्या सुरुवातीच्या भागांना मदत करणारे पंडित हीरालाल शास्त्री तिसरे.

नकलांवर काम करण्यातला धोका पहिल्याच भागात दिसला. ९३ व्या सूत्रात मनुष्य-स्त्रीला कोणत्या गुणस्थानांत (आत्म्याच्या उन्नतीच्या पायऱ्यांत) पर्याप्तच, म्हणजे शरीर-इंद्रियांची घडण पुरी झालेलीच, समजावं याची यादी आहे. नकलांमध्ये ती ‘संजदासंजद’वर, म्हणजे अंशतः संयमाच्या पायरीवर, थांबत होती. पुढे ‘संजद’ (संयत, म्हणजे पूर्ण संयमी) हा शब्द हवा, असं संपादकांनी टीपेत सुचवलं. शब्द आला की स्त्रीला संयताचं गुणस्थान मिळतं, गेला की मिळत नाही. त्यावरून मोठा वाद पेटला. पुढे मूडबिद्रीचं ताडपत्र पाहिलं तेव्हा शब्द तिथे होता. ‘संजदासंजद’नंतर लगेच ‘संजद’ आल्यामुळे नकल करणाऱ्याची नजर घसरली असणार. सारखी अक्षरं शेजारी आली की हे नेहमी होतं. या ‘स्त्री’चा अर्थ भावाने की देहाने, हा शास्त्रार्थाचा प्रश्न वेगळा. तो शब्द सापडल्याने मिटत नाही.

भगवतीसूत्र अनुवादासह आणलं. दर चार ओळींनी ‘जाव’ येतं आणि वाक्य मधेच तुटतं. पानं गहाळ आहेत का? आणि नवख्याने सुरुवात कुठून करावी? (मानेवाडा)

पानं शाबूत आहेत. ‘जाव’ म्हणजे यावत्, आपल्या भाषेत ‘येथपासून तेथपर्यंत’. नगर, राजा, उद्यान, समवसरण (तीर्थंकरांची उपदेशसभा) यांची वर्णनं ठरावीक. लिहिणाऱ्याने पहिले दोन शब्द आणि शेवटचा शब्द ठेवून मधला मजकूर ‘जाव’ने गुंडाळला. ‘वण्णओ’ दिसलं तर ‘वर्णन नेहमीचं’ असं समजा. ही वर्णनं पूर्ण हवी असतील तर औपपातिक हे पहिलं उपांग उघडा, चंपानगरीपासून सगळं तिथे सविस्तर आहे. शब्दापुढे २ चा आकडा दिसला तर तो शब्द दोनदा वाचायचा. एकदा हे कळलं की भगवती सुरळीत वाचता येते.

तरी सुरुवात भगवतीने करू नका. ४१ शतकं, परंपरेने ३६,००० प्रश्न. गौतम विचारतात, भगवान उत्तर देतात आणि शेवटी ‘सेवं भंते, सेवं भंते’, म्हणजे ‘असंच आहे, भंते’. आमच्यासारख्या सदरवाल्यांना हेवा वाटावा असा वाचक! पण पहिलाच प्रश्न ‘चलमाणे चलिए’, म्हणजे जे चालू लागलं ते चाललं म्हणायचं का, इथपासून आहे. नवखा तिथेच अडतो.

दशवैकालिक घ्या. दहा अध्ययनं आणि दोन चूलिका. शय्यंभवसूरींनी आपल्या मनक या मुलासाठी हे जुळवलं. तोही दीक्षित होता आणि त्याचं आयुष्य सहाच महिने उरलेलं. त्यामुळे एक शब्द फालतू नाही. पहिलं अध्ययन पाच गाथांचं :

धम्मो मंगलमुक्किट्ठं अहिंसा संजमो तवो।
देवा वि तं नमंसंति जस्स धम्मे सया मणो॥

मग भुंगा फुलाला न दुखवता रस घेतो तशी साधूने भिक्षा घ्यावी, ही उपमा. पाच गाथा दोन दिवसांत पाठ होतात. त्यानंतर उत्तराध्ययन. त्याची छत्तीस अध्ययनं ओळीने वाचायची गरज नाही. दहावं (पिकलं पान), बारावं (हरिकेशबल), बाविसावं (रथनेमी), तेविसावं (केशी-गौतम संवाद) आधी वाचा. आचारांग या पहिल्या अंगाचा पहिला श्रुतस्कंध (भाग) सगळ्यांत जुना मानतात, पण त्याची वाक्यं तुटक आणि घट्ट. तो तिसऱ्या क्रमांकावर ठेवा. त्याचं सातवं अध्ययन, महापरिज्ञा, लुप्त आहे, म्हणून सहानंतर एकदम आठ आलं तर दुकानदाराशी भांडू नका. नववं मात्र सोडू नका. महावीरांची चर्या, त्यांना झालेला त्रास, त्यात अलंकार जवळजवळ नाहीत. पुढची सगळी चरित्रं त्यापुढे नटवी वाटतात.

स्वाध्याय मंडळात निम्मे लोक तत्त्वार्थसूत्रातल्या त्याच सूत्राचा एक क्रमांक सांगतात, निम्मे दुसरा. असं का? (लक्ष्मीनगर)

अध्याय दोन्हीकडे दहाच. दिगंबर पाठात सूत्रं ३५७, श्वेतांबर पाठात ३४४. कुठे एक सूत्र फोडून दोन झालंय, कुठे सूत्रच जास्त आहे. मंडळाने पहिल्या दिवशी ठरवावं : सर्वार्थसिद्धी या दिगंबर टीकेचा पाठ की श्वेतांबर मानतात त्या भाष्याचा. समयसाराचंही तसंच. अमृतचंद्रांच्या टीकेत ४१५ गाथा, जयसेनांच्या टीकेत त्याहून जास्त. क्रमांकाऐवजी गाथेचा पहिला शब्द सांगायची सवय लावा, वेळ वाचेल.

मुलीला शाळेत अर्धमागधी घेता येईल म्हणतात. मराठीला त्याचा काही उपयोग आहे, की नुसते गुण? (प्रतापनगर)

गुण मिळतातच, पण उपयोग त्याहून मोठा. आगमांची भाषा अर्धमागधी. त्यांवरच्या चूर्णी, म्हणजे गद्य टीका, आणि कथा बऱ्याचशा जैन महाराष्ट्रीत, दिगंबर ग्रंथ जैन शौरसेनीत. महाराष्ट्री प्राकृतातले तुप्प, पोट्ट, चिक्खल्ल हे शब्द वाचताना कोशाची गरजच पडत नाही, तूप, पोट आणि चिखल समोर उभे राहतात. उद्योतनसूरींची कुवलयमाला शके ७०० ला एक दिवस कमी असताना, म्हणजे इ.स. ७७९ मध्ये, राजस्थानात जालोरला संपली. तीत बाजारातल्या मरहट्ठ्यांचं वर्णन आहे : अंगाने बळकट, ठेंगणे, सावळे, सोशिक, अभिमानी आणि भांडखोर, तोंडी ‘दिण्णले गहियले’. दिले, घेतले. बाराशे-साडेबाराशे वर्षांत फारसं बदललेलं नाही, भांडखोरपणासकट.

सांभाळायचं ते फसव्या शब्दांना. उत्तराध्ययनातल्या ‘दुमपत्तए पंडुयए जहा निवडइ’ या ओळीत ‘निवडइ’ म्हणजे निवडतो नव्हे, गळून पडतो. झाडाचं पिवळं पान रात्री सरल्या की गळतं, तसं माणसाचं आयुष्य, ‘समयं गोयम मा पमायए’, गौतमा, क्षणभरही बेसावध राहू नकोस. मराठी येते म्हणून अंदाजाने अर्थ लावणारी मुलं नेमकी अशा शब्दांवर गुण घालवतात.

आजोबांच्या ट्रंकेत लाल फडक्यात बांधलेली पोथी निघाली. हाताने लिहिलेली, कागदी, शेवटी ‘१६७४’. किती जुनी? काय करावं, काय करू नये? (कामठी)

आधी करू नये ते, कारण नुकसान पहिल्या आठवड्यात होतं.

उन्हात टाकू नका. नागपूर-कामठीचं मे महिन्यातलं ऊन कागदाचा जीव घेतं, पान घडीवर मोडतं. कूलरच्या खोलीत ठेवू नका. ही खास आपल्याकडची चूक. रात्रभर कूलरचा ओलावा, दिवसा कोरडी झळ. कागद रोज फुगतो आणि आकसतो, शाईचे पापुद्रे सुटतात, आणि जूनच्या मध्यात पाऊस लागला की बुरशी. लॅमिनेशन, सेलोटेप, डिंक, इस्त्री, यांतलं काहीही नको. गवती चहाचं तेल पोथीला लावतात हे ऐकलं असेल. ते दक्षिणेकडच्या, दाभणासारख्या लेखणीने कोरलेल्या ताडपत्राला. शाईने लिहिलेल्या कागदाला लावलं तर कायमचा डाग. डांबरगोळ्या पानांना टेकवून ठेवू नका.

बोट ओलं करून पान उलटू नका. हे नुसतं शिष्टाचाराचं नाही. जुन्या पोथ्यांत चुकलेलं अक्षर झाकायला हरताळ लावत. ‘हरताळ फासणे’ हा आपला वाक्प्रचार तिथलाच. पिवळा पट्टा दिसतो तो हरताळ म्हणजे सोमलाचं संयुग. बोट तोंडात गेलं तर विष.

आता करायचं ते. पंखा बंद, टेबलावर धुतलेलं पांढरं सुती कापड, हात धुऊन पूर्ण कोरडे. गाठ कापू नका, सोडवा. पहिल्यांदा जशी आहे तशीच फोटो घ्या, पानांचा क्रम बदलण्याआधी. मऊ, कोरड्या ब्रशने मधून कडेकडे धूळ काढा. दोन पानं चिकटली असतील तर तशीच राहू द्या, पातं घालू नका. मोबाइल पानाला समांतर वर धरून, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून दोन्ही बाजूंचे फोटो घ्या आणि शेजारी मोजपट्टी ठेवा. पत्रांक बहुधा पानाच्या मागल्या बाजूला, उजव्या समासात असतो. पहिल्या पानाची पुढची बाजू कोरी दिसली तर घाबरू नका, मजकूर मागून सुरू होतो. मधोमध रिकामा चौकोन आणि लाल ठिपका असेल तर ती ताडपत्राच्या दोरीच्या भोकाची आठवण. कागदाला भोक लागत नाही, पण जागा सोडायची रीत राहिली.

ठेवताना : नवं मांजरपाट दोनदा धुऊन खळ काढलेलं, कारण खळीवर कसर येते. वर-खाली पानापेक्षा बोटभर मोठ्या लाकडी पट्ट्या. दोरी पट्ट्यांवर आवळावी, कागदावर नाही. वेखंडाची पुरचुंडी वेष्टनाबाहेर ठेवून दर पावसाळ्याआधी बदला. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेलं नको, पोथी तळच्या खणात नको.

आता १६७४. आकड्याआधी काय लिहिलंय ते पाहा. नुसतं ‘संवत्’ असेल तर बहुधा विक्रम : ५७ वजा करा, इ.स. १६१७. ‘शके’ असेल तर ७८ मिळवा, १७५२. फरक १३५ वर्षांचा. वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत एकाने पुढे जाईल. ‘शके’ची खात्री करायला संवत्सराचं नाव शोधा. शकात १२ मिळवून ६० ने भागा, बाकी १ तर प्रभव, २ विभव, असं मोजत जा. १६७४ अधिक १२ म्हणजे १६८६, बाकी ६, म्हणजे अंगिरा. पोथीत ‘अंगिरा नाम संवत्सरे’ असेल तर शके पक्कं. साल अंकांऐवजी शब्दांत असेल, समजा ‘वेद-मुनि-रस-शशि’, तर ४, ७, ६, १ हे उजवीकडून डावीकडे वाचायचे : १६७४. ‘समुद्र’ हा शब्द आला तर सावध राहा, तो कुठे ४ असतो, कुठे ७. आणि तारीख मूळ ग्रंथाची की नकलेची हे पाहा. ‘लिखितं’, ‘लिपीकृतं’ असेल तर नकलेची.

अक्षर वाचताना दोन गोष्टी अडवतील. सुरुवातीला ‘६०’सारखं काही दिसेल, तो आकडा नव्हे, भले-चिन्ह आहे, मंगलाचं. आणि मात्रा. जुन्या जैन नागरीत ‘ए’ची मात्रा डोक्यावर न देता अक्षराच्या आधी उभी रेघ काढून दाखवत, तिला पडिमात्रा म्हणतात. ‘न देव’ लिहिलेलं आपण ‘ना दव’ वाचतो, काना समजून. ‘ओ’साठी अक्षराच्या आधी एक रेघ आणि नंतर एक. ही पद्धत साधारण सतराव्या शतकापर्यंत जोरात होती. तुमच्या पोथीत ती सगळीकडे असेल तर विक्रम संवताच्या बाजूने एक पुरावा वाढतो. च आणि व, त्थ आणि च्छ या जोड्यांवर भरवसा ठेवू नका, शब्द पाहून ठरवा.

शेवटच्या पानावर बहुतेक हा श्लोक सापडेल : ‘यादृशं पुस्तकं दृष्ट्वा तादृशं लिखितं मया। यदि शुद्धमशुद्धं वा मम दोषो न दीयते॥’ जसं पाहिलं तसं लिहिलं, चुकलं असेल तर मला बोल लावू नका. त्याच्या मागेपुढे लेखनिकाचं नाव, गाव, आणि पोथी कुणासाठी लिहिली ते असतं. त्या पानाचा फोटो सगळ्यांत आधी आणि दोनदा घ्या, कारण सर्वांत बाहेरचं पान म्हणून तेच पहिलं फाटतं.